कुंडीतील लिंबाचे पिवळे पान : खताआधी निदान

माघ सरून फाल्गुन लागला की देशाच्या बहुतेक भागांत लिंबूवर्गीय झाडांना नवी पालवी फुटते. बागेतील झाडांप्रमाणेच गच्चीवरील कागदी लिंबू, बाल्कनीतील नागपुरी संत्रा वा मोसंबी, कोलकात्याच्या घरांतील गंधराज आणि आसामातील काजी नेमू यांच्याही वाढीचा हा काळ असतो. नेमकी याच दिवसांत एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. नवी पाने हिरवी न येता फिकट पिवळी येतात, आकाराने लहान राहतात, फुले धरतात पण गळतात. झाड उपाशी असावे असे समजून प्रथम शेणखताची ओंजळ टाकली जाते, मग डीएपीचे दाणे, मग कोणी सुचवलेली राख आणि अंड्याची टरफले. एप्रिल-मे महिन्यांत झाड पाने टाकते आणि दोष उन्हाच्या माथी मारला जातो.

वास्तविक, नत्राचा अपवाद सोडल्यास कुंडीत अन्नद्रव्य मुळातच नाही म्हणून झाड पिवळे पडले, असे फार कमी वेळा घडते. लोह, जस्त आणि मंगल ही सूक्ष्म अन्नद्रव्ये झाडाला अत्यल्प लागतात. माती व शेणखताच्या मिश्रणात ती बहुधा असतात, परंतु मुळांना ती घेता येत नाहीत. ही अडचण दूर न करता वरून खत देत राहणे म्हणजे मिटलेल्या तोंडाशी घास नेण्यासारखे आहे. त्या घासातील क्षार मात्र कुंडीतच साठत राहतात.

बागेतील झाडाच्या मुळांना एका थरात लोह मिळाले नाही तर ती दुसऱ्या थरात शिरतात. कुंडीतील झाडाला दुसरा थर नसतो. वीस किलो माध्यमात त्याचे सारे आयुष्य जाते आणि त्या माध्यमाचे गुणधर्म प्रामुख्याने पाण्यावर ठरतात. एक साधा हिशेब पाहण्याजोगा आहे. विंधन विहिरीच्या पाण्याची विम्लता कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे आणि झाडाला रोज दोन लिटर पाणी दिले जाते, असे समजू. वर्षभरात त्या कुंडीत सुमारे २२० ग्रॅम चुन्याइतका अंश येतो. तीन वर्षांत साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. निचऱ्यावाटे त्यातील काही भाग निघून जातो, परंतु उरलेला माध्यमाचा सामू चढवीत राहतो. कुंडीच्या काठावर जमणारा पांढरा थर हा त्याचाच दृश्य पुरावा होय. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची विम्लता २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगी मानली आहे. म्हणजे जे पाणी माणसाला चालते ते लिंबाला चालेलच असे नाही. लिंबूवर्गीय झाडांना साधारण ५.५ ते ६.५ सामूचे माध्यम मानवते. तो साडेसातच्या वर गेला की लोह मातीत असूनही न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकून पडते आणि जस्त व मंगल यांचीही उपलब्धता घटते.

यामुळेच एका शहरात लागू पडलेला उपाय दुसऱ्या शहरात फसतो. मुंबईला तलावांचे मृदू पाणी मिळते. तेथे चुन्याचा त्रास कमी, परंतु जून ते सप्टेंबरच्या सरींत उघड्यावरील कुंडीतून नत्र आणि मॅग्नेशियम धुऊन जाते. दिल्ली किंवा बेंगळूरू येथे विंधन विहिरीच्या कठीण पाण्यावर वाढणाऱ्या झाडाची कथा याच्या अगदी उलट. ईशान्येकडील भरपूर पावसाच्या प्रदेशात, जेथे खासी संत्र्याच्या बागा आहेत, माती आम्लधर्मी असते. तेथील मातीने भरलेल्या कुंडीत कॅल्शियम व मॅग्नेशियमची उणीव संभवते आणि थोडा डोलोमाइट उपकारक ठरतो. तोच डोलोमाइट विदर्भातील चुनखडीयुक्त काळ्या मातीच्या कुंडीत घातला, तर आधीच दुर्मीळ झालेले लोह आणखी दुरावते. नागपूरच्या बहिणीने शिलाँगच्या बहिणीला दूरध्वनीवरून दिलेला सल्ला कितीही मायेचा असला, तरी तो लिंबाला लागू पडेलच असे नाही.

मुळांची चौकशी आधी

पानांकडे वळण्यापूर्वी खोड आणि मुळे तपासावीत. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि निम्मे गैरसमज तेथेच मिटतात. रोपवाटिकेत डोळा भरताना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी पुष्कळदा तशीच राहते. खोड जाड होत जाते तसतशी ती सालीत रुतते आणि अन्नाचा खाली जाणारा मार्ग आवळला जातो. अशा झाडाच्या पानांत मुख्य शीर व बाजूच्या शिरा पिवळ्या पडतात, बाकीचे पान मात्र हिरवे असते. लोह, जस्त वा मंगल यांच्या कमतरतेत शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट वा पिवळा असतो. हे चित्र त्याच्या बरोबर उलट आहे. पिवळ्या शिरा दिसल्या की खत बाजूला ठेवून खोडाला आवळणारी तार, दोरी वा पट्टी शोधावी. ती नसेल तर मुळे पाहावीत.

कुंडीला आदल्या दिवशी पाणी देऊन झाड गड्ड्यासह अलगद बाहेर काढता येते. निरोगी कोवळी मुळे पांढरट ते फिकट पिवळसर व टणक असतात. काळपट, बोटांनी दाबताच साल सुटून मधला धागा हाती येणारी मुळे म्हणजे मूळकूज. तिचे कारण बहुधा बंद झालेले छिद्र किंवा कुंडीखालील ताटलीत साचलेले पाणी असते. अशा मुळांना लोहही घेता येत नाही आणि नत्रही. कुजलेला भाग कापून, निचऱ्याचे माध्यम भरून आणि त्याच प्रमाणात वरील फांद्यांची छाटणी करून झाडाला सावलीत ठेवणे एवढाच उपाय त्या क्षणी योग्य आहे. याउलट मुळांनी कुंडीच्या आतल्या बाजूने घट्ट वेढे घेतले असतील, तर झाडाला कुंडी अपुरी पडते आहे.

उत्तर भारतासाठी आणखी एक पथ्य. जमिनीचे तापमान १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की लिंबूवर्गीय झाडांची मुळे जवळजवळ थंडावतात. जानेवारीत दिल्ली किंवा चंडीगड येथे दिसणारा पिवळेपणा पुष्कळदा त्यामुळेच असतो. त्या वेळी पाणी कमी करावे आणि ऊब येईपर्यंत वाट पाहावी.

जुने पान की नवे पान

मुळे व खोड ठीक असतील तर पहिला प्रश्न एकच विचारावा : पिवळेपणा फांदीच्या तळाकडील जुन्या पानांत आहे की शेंड्याकडील कोवळ्या पानांत? नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात सहज हलतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देते, म्हणून आधी जुनी पाने पिवळी होतात. लोह, जस्त आणि मंगल एकदा पानात स्थिरावली की फारशी हलत नाहीत. त्यांचा तुटवडा नव्या पानांत प्रकट होतो.

नत्राच्या अभावी जुने पान शिरांसकट एकसारखे पिवळे होते व गळते. मॅग्नेशियमची खूण अधिक ठसठशीत असते. जुन्या पानाच्या कडा व मध्यभाग पिवळे पडतात, पण देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. फळे लगडलेल्या फांदीवर ही खूण आधी दिसते.

नव्या पानांचे वाचन थोडे नाजूक असते. लोहाच्या कमतरतेत कोवळे पान आकाराने बहुधा नेहमीएवढेच असते, परंतु त्याची पार्श्वभूमी फिकट पिवळी होते आणि तीवर अगदी बारीक शिरांचेही हिरवे जाळे उठून दिसते. शेतकरी याला केवडा म्हणतात. कमतरता वाढली की शिराही फिकटतात व पान हस्तिदंती दिसू लागते. जस्ताच्या कमतरतेत पानाचा आकारच बदलतो : पान लहान, अरुंद, टोकदार व उभट होते, शिरांमधील भागात ठळक पिवळे चट्टे पडतात, दोन पानांतील अंतर घटते आणि शेंड्याशी गुच्छ झाल्यासारखा भासतो. मंगलाच्या बाबतीत आकार शाबूत असतो, मुख्य शिरांलगत गडद हिरवे पट्टे राहतात आणि मधला भाग पिवळा न होता नुसता फिकट हिरवा होतो. झाडाच्या सावलीतील बाजूला हे अधिक स्पष्ट दिसते. चुना साठलेल्या कुंडीत तिन्हींची कमतरता एकत्र असते आणि एकीची खूण दुसरी झाकते, हे ध्यानात ठेवावे.

या गुंतागुंतीने भल्याभल्यांना चकवले आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर कॅलिफोर्नियातील फळबागांत पाने लहान राहण्याचा विकार बळावला होता. विल्यम चँडलर, डेनिस होगलंड आणि त्यांचे सहकारी यांनी झाडांना फेरस सल्फेट भरपूर दिले आणि काही झाडे सुधारली. लोहाचीच उणीव होती, असा निष्कर्ष निघणार होता. परंतु शुद्ध फेरस सल्फेटने तसा गुण येईना. पहिल्या, बाजारू फेरस सल्फेटमध्ये जस्ताची भेसळ होती आणि गुण त्या भेसळीचा होता. पुढे लिंबूवर्गीय झाडांतील चट्टेदार पानांचा विकारही जस्ताच्या अभावाचा असल्याचे सिद्ध झाले. आपल्याकडे पंतनगर येथे १९६६ मध्ये डॉ. य. ल. नेने यांनी भातावरील खैरा हा विकार जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवून दिले, तोवर तोही रोग म्हणूनच ओळखला जात असे.

पानाची डावी-उजवी बाजू

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्याचे उत्तर केवळ एका कुंडीपुरते राहत नाही. अन्नद्रव्यांच्या कमतरतेतील पिवळेपणा पानाच्या मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. सिट्रस ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगात तो सारखा नसतो; पिवळे-हिरवे डाग शिरांची मर्यादा ओलांडून वाटेल तसे पसरतात. पेनने मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन वर्तुळे काढून त्यांतील रंग ताडून पाहावे. चारपाच पानांवर दोन वर्तुळांत ठळक फरक आढळला तर संशयास जागा आहे. फळे लहान व वाकडी असणे, त्यांचे तळटोक हिरवेच राहणे आणि बिया काळपट व पोचट असणे या इतर खुणा होत.

अडचण अशी की रोगट फांदीवरील नवी पाने हुबेहूब जस्ताच्या कमतरतेसारखी दिसू शकतात. म्हणून एकच फांदी पिवळी, बाकीचे झाड हिरवे, आणि जस्ताच्या फवारणीनंतरही पुढची पालवी तशीच, असे झाल्यास निदानावर पुन्हा विचार करणे आवश्यक ठरते. निर्णायक उत्तर प्रयोगशाळेतील पीसीआर चाचणीच देऊ शकते. या रोगाचा प्रसार सिट्रस सायला हा लहानसा किडा करतो. तो कढीपत्त्यावर व कामिनीच्या झुडपावरही वाढतो. घरच्या कढीपत्त्याची कुंडी लिंबाशेजारीच असते, तेव्हा तिच्या कोवळ्या शेंड्यांवरही नजर ठेवावी. रोगट झाड बरे करणारा घरगुती उपाय नाही. विदर्भातून बदलीच्या गावी नेलेले संत्र्याचे रोप, किंवा उलट दिशेने आणलेले एखादे आवडते लिंबू, यांसोबत हा रोग शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतो. संशयित झाडाची कलमे वा गुट्या कोणालाही देऊ नयेत.

एका फांदीची चाचणी

पानांवरून अंदाज बांधल्यावर संपूर्ण झाडाला औषध देण्याची घाई टाळावी. झाडावरील सारख्या पिवळ्या दिसणाऱ्या तीन फांद्या निवडून त्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावेत. एकीची पाने जस्ताच्या द्रावणाने, दुसरीची लोहाच्या द्रावणाने दोन्ही बाजूंनी भिजवावीत. तिसरी तशीच ठेवावी. दोन ते तीन आठवड्यांत ज्या फांदीची पाने हिरवी होऊ लागतील, त्या अन्नद्रव्याची उणीव निश्चित झाली असे समजण्यास हरकत नाही. लोहाबाबत पानावर द्रावण पडले तेवढ्याच ठिकाणी हिरवे ठिपके उमटतात, आणि तेही पुरेसे उत्तर आहे. दोन्ही फांद्या अंशतः सुधारल्या तर दोन्हींची कमतरता आहे. एकीतही फरक नसेल तर पुन्हा मुळांकडे वळावे.

द्रावणांची तीव्रता बागेसाठी शिफारस केलेलीच ठेवावी. पान तेच आहे; कमी होते ते फक्त द्रावणाचे एकूण माप. जस्तासाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि पाने करपू नयेत म्हणून २.५ ग्रॅम विरवलेला चुना मिसळून, गाळून वापरावा. पुडीवर जस्ताचे प्रमाण २१ टक्के असेल तेव्हा हे माप आहे. ३३ टक्क्यांचे झिंक सल्फेट असल्यास ३ ग्रॅम पुरेत. लोहासाठी लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्यावे. पाण्यात आधी आम्ल आणि मग फेरस सल्फेट विरघळवावे, म्हणजे लोह तांबूस गाळ होऊन खाली बसत नाही. मंगलासाठी ३ ग्रॅम मँगनीज सल्फेट, मॅग्नेशियमसाठी १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. द्रावण ताजे असावे आणि फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. सर्वांत चांगला परिणाम पालवी दोन-तृतीयांश उलगडलेली असताना मिळतो, कारण त्या वेळी पानावरील मेणाचा थर पुरता कठीण झालेला नसतो. जस्त जुन्या पानांतून नव्यात जात नसल्याने प्रत्येक पालवीला फवारणीची पुनरावृत्ती करावी लागते.

पाणी आणि माध्यम

फवारणीने पान सुधारते, कुंडी नव्हे. माध्यमात चुना साठला आहे की नाही हे पाहण्यासाठी चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आले तर मुक्त चुना आहे. अशा मातीत नुसते फेरस सल्फेट घालणे व्यर्थ होय, कारण थोड्याच काळात ते निकामी स्वरूपात जाते. कुंडीत गंजके खिळे पुरण्याच्या जुन्या उपायाचेही हेच. येथे चिलेटयुक्त लोह उपयोगी पडते, मात्र त्यातही भेद आहे. ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू साडेसहाच्या आत असेतोवरच टिकते. चुनखडीयुक्त माध्यमात ईडीडीएचए प्रकारच टिकाव धरतो. त्याचे द्रावण गडद तांबडे असते, ते महाग पडते आणि पानांवर न फवारता मुळांशीच द्यायचे असते. वेष्टनावरील मात्रेपेक्षा अधिक देऊ नये.

पाण्याचा प्रश्न सोडवल्यास बाकीचे प्रश्न आपोआप सौम्य होतात. पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम. ते शक्य नसेल तर बादलीभर पाण्यात सायट्रिक आम्ल चिमटीचिमटीने विरघळवून सामूदर्शक कागदावर ६ ते ६.५ दिसेपर्यंत आणावे. प्रत्येक ठिकाणचे पाणी निराळे असल्याने येथे एकच माप सांगणे धोक्याचे आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घातले जाते. काटकसरीची ही भावना स्तुत्य आहे, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार अधिक तीव्र होऊन आलेले असतात, आणि लिंबूवर्गीय झाडे क्षारांबाबत नाजूक असतात. पानांची टोके करपणे ही त्याची खूण. ते पाणी फरशी धुण्यास वापरावे. क्षार साठलेच असतील तर कुंडीतून तळाच्या छिद्रावाटे मोकळेपणी वाहील एवढे मृदू पाणी दोनतीन वेळा सोडावे व ताटली रिकामी करावी.

राख, अंड्याची टरफले आणि हाडांचा चुरा यांविषयी येथे स्पष्ट बोलणे इष्ट आहे. आम्लधर्मी मातीत त्यांना स्थान आहे. कठीण पाण्याच्या कुंडीत मात्र राख सामू वाढवते आणि तिच्यातील पालाश मॅग्नेशियमच्या शोषणात अडथळा आणते. हाडांचा चुरा किंवा डीएपी वारंवार दिल्याने साठणारा स्फुरद जस्त व लोहाच्या वाटेत येतो. लिंबूवर्गीय झाडांना नत्राच्या मानाने स्फुरद फारच थोडा लागतो. नत्र मात्र नियमित हवे, कारण दर पाण्यासोबत ते निसटते. वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा, ओल्या माध्यमात, लिटरला १ ग्रॅम विद्राव्य खत देणे हे महिन्यातून एकदा मूठभर टाकण्यापेक्षा कितीतरी हिताचे आहे. सामू चढलेल्या कुंडीत अमोनियम सल्फेट अधिक सोयीचे, कारण ते माध्यमाला किंचित आम्लतेकडे नेते. पानांवर युरिया फवारायचा असल्यास बाययुरेटचे प्रमाण अल्प असलेलाच निवडावा; या घटकाने पानांची टोके पिवळी पडतात आणि नव्या कमतरतेचा भास होतो.

कोकोपीट वापरणाऱ्यांनी ते आधी धुऊन घ्यावे. त्यात सोडियम व पालाश यांचे अंश असतात आणि ते कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवते. नवे झाड घेताना खुंट विचारून घेणेही शहाणपणाचे. चुनखडी व क्षार सोसण्यात रंगपूर लाइमचा खुंट उजवा मानला जातो.

उपचारानंतर जुन्या पानांकडे पाहून निराश होऊ नये. जस्ताअभावी लहान राहिलेले पान हिरवे होईल, पण मोठे होणार नाही. ती पाने खुडून टाकू नयेत. पिवळट असली तरी ती झाडासाठी अन्न तयार करीत असतात. सुधारणा मोजायची ती पुढच्या पालवीवर, म्हणजे बहुतेक ठिकाणी जून-जुलैमध्ये. तेव्हा शेंड्याकडील चारपाच पाने पुरती उलगडू द्यावीत आणि दोरा बांधलेल्या त्या तिसऱ्या, उपचार न केलेल्या फांदीशेजारी धरून पाहावीत.